वितळलेले डॉलर, उरलेले डॉलर

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या तबकात चांदीचे जुने रुपये ठेवण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत आहे. राणी छाप असो की राजा छाप, ज्याच्याकडे जे असेल ते. पुढच्या वेळी हे रुपये बाहेर निघाले की त्यांच्यावरची सालं जरा वाचून पाहा. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुकुट घातलेला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला १९१८ किंवा १९१९ हे साल असेल, तर त्या रुपयातली चांदी आधी अमेरिकेत डॉलर म्हणून जन्माला आली असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. हे डॉलर अमेरिकेतच वितळवले गेले, त्यांच्या लगडी जहाजानं हिंदुस्थानात आल्या आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत त्यांचे रुपये पाडले गेले.

जुने चांदीचे डॉलर जमवणारे लोक अमेरिकेत फार मोठ्या संख्येनं आहेत. आपल्याकडच्या नाणेसंग्राहकांच्या पेट्यांतही एखाद-दुसरा डॉलर सापडतो. हा छंद शिकायला बसलं की पहिला धडा असा मिळतो, की एखादं नाणं किती पाडलं गेलं हे पुस्तकात छापलेलं असतं, पण त्यातलं किती उरलं हे कुठंच लिहिलेलं नसतं. ते का नसतं, याचं निम्मं उत्तर आपल्या रुपयाशी जोडलेलं आहे. म्हणून आज या डॉलरविषयी थोडं सविस्तर बोलू.

सुरुवातीचा इतिहास झटकन सांगतो. 'डॉलर' हा शब्द बोहेमियातल्या योआखिमस्थाल या खाणीच्या गावावरून आला. तिथल्या चांदीच्या नाण्याला 'थालर' म्हणत, त्याचा झाला डॉलर. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिथल्या बाजारात स्पेनचं 'आठ रेआल'चं चांदीचं नाणं चालत होतं. १७९२ च्या कायद्यानं त्याच्याच जवळपासच्या वजनाचा स्वतःचा डॉलर ठरवला गेला आणि फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून १७९४ मध्ये पहिले १,७५८ डॉलर बाहेर पडले. त्यांतला एक २०१३ मध्ये लिलावात एक कोटी डॉलरपेक्षा जास्त किमतीला गेला. अर्थात असली नाणी तुमच्या-आमच्यासाठी नव्हेत. ती काचेमागूनच पाहायची.

सामान्य माणसाला हातात घेता येतो तो 'मॉर्गन डॉलर'. हा १८७८ पासून १९०४ पर्यंत आणि मग एकदाच, १९२१ मध्ये, पाडला गेला. जॉर्ज मॉर्गन हा इंग्लंडहून आलेला कोरीवकाम करणारा कारागीर. फिलाडेल्फियातल्या अ‍ॅना विलियम्स नावाच्या शिक्षिकेला समोर बसवून त्यानं स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा काढला. मागच्या बाजूला पंख पसरलेला गरुड आहे. नाण्याचा व्यास ३८.१ मिलिमीटर आणि वजन २६.७३ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांच्या आसपास. दहा भागांत नऊ भाग चांदी आणि एक भाग तांबं. आपला बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा. एका डॉलरमधल्या शुद्ध चांदीत सव्वादोन रुपये बसतात. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मुख्य प्रश्न. एवढा जड डॉलर खिशात घालून फिरायची हौस अमेरिकेत फारशी कुणाला नव्हती. पश्चिमेकडच्या खाणींच्या प्रदेशात तो चाले, पूर्वेकडच्या शहरांत लोक नोटाच पसंत करत. तरीही १८७८ ते १९०४ या काळात सुमारे ५७ कोटी डॉलर पाडले गेले. कुणासाठी?

खाणमालकांसाठी, असं थेट उत्तर द्यायला हरकत नाही. नेवाडामध्ये १८५९ साली 'कॉमस्टॉक' नावाचा चांदीचा प्रचंड साठा सापडला. खाणीतून चांदी निघत राहिली, भाव पडत राहिला. त्यातच १८७३ च्या कायद्यानं चांदीचा नेहमीचा डॉलर बंद केला आणि त्याऐवजी चीनच्या व्यापारासाठी थोडा जड 'ट्रेड डॉलर' काढला. चांदीवाल्यांनी या कायद्याला '७३ चा गुन्हा' असं नावच देऊन टाकलं. त्यांचा आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांचा जोर असा वाढला, की फेब्रुवारी १८७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांचा नकाराधिकार धुडकावून संसदेनं ब्लँड-अ‍ॅलिसन कायदा संमत केला. सरकारनं दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिचे डॉलर पाडायचे, असं ठरलं. मागणी असो वा नसो, यंत्रं चालू. पाडलेले डॉलर हजार-हजारांच्या पिशव्यांत भरून तळघरात ठेवायचे आणि त्यांच्या तारणावर कागदी चांदी-प्रमाणपत्रं चलनात सोडायची. आपल्याकडे सरकारी गोदामात धान्य साठत जातं, तशातला हा प्रकार. १८९० मध्ये शेर्मन कायद्यानं खरेदी आणखी वाढवली.

ही खरेदी थांबण्यात हिंदुस्थानचाही हात होता. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारनं आपल्या टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. त्याआधी कुणीही चांदी आणून द्यावी आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. जगातलं एवढं मोठं गिऱ्हाईक एका दिवसात गेल्यावर चांदीचा भाव कोसळला. अमेरिकेत आधीच बँका बुडत होत्या. नोव्हेंबरमध्ये शेर्मन कायद्याखालची खरेदी रद्द झाली. साठलेल्या चांदीचे डॉलर मात्र पुढं दहा वर्षं पाडले जात होते.

तर असे हे कोट्यवधी डॉलर तळघरात पडून राहिले आणि पहिलं महायुद्ध आलं.

युद्धात ब्रिटनला हिंदुस्थानातून ताग, धान्य, कातडी, सैन्याचा शिधा असं सगळंच हवं होतं. या मालाचे आणि इराकच्या आघाडीवरच्या खर्चाचे पैसे इथं रुपयांत चुकते करावे लागत. खेड्यातला शेतकरी कागद घेत नव्हता, त्याला वाजवून घेता येणारा रुपया हवा होता. एकदा हाती आलेला रुपया तो मडक्यात पुरून ठेवी. इकडं चांदीचा भाव इतका चढला, की रुपया वितळवणं फायद्याचं होऊ लागलं. १९१७ मध्ये सरकारनं नाणी वितळवायला बंदी घातली, एक रुपयाची नोट काढली. पण प्रत्येक नोटेमागं 'मागताक्षणी रुपये देऊ' हे वचन होतंच. १९१८ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या आघाडीवर जर्मनांनी मोठी मुसंडी मारल्याच्या बातम्या आल्या आणि लोक नोटा घेऊन रुपये मागायला येऊ लागले. जूनपर्यंत सरकारी तिजोरीतला रुपयांचा साठा धोक्याच्या रेषेखाली गेला होता. रुपये संपले असते आणि वचन मोडलं असतं, तर हिंदुस्थानातल्या कागदी चलनावरचा विश्वासच उडाला असता, तोही ऐन युद्धात.

एवढी चांदी त्या वेळी जगात एकाच ठिकाणी आयती होती, ती अमेरिकेच्या तळघरांत. २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत 'पिटमन कायदा' झाला. सिनेटर की पिटमन हे नेवाडाचे, म्हणजे पुन्हा चांदीच्या खाणीचेच प्रतिनिधी. कायद्यानं ३५ कोटींपर्यंत डॉलर वितळवायची परवानगी दिली. प्रत्यक्षात वितळवले गेले २७,०२,३२,७२२. त्यांपैकी जवळपास २६ कोटींची चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानसाठी विकली गेली. सुमारे सात हजार टन नाणी! मघाचा सव्वादोनचा हिशेब लावला, तर त्यातून ५८ कोटींच्या आसपास रुपये होतात. १९१८ आणि १९१९ या दोन वर्षांत मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींनी मिळून ८० कोटींहून अधिक रुपये पाडले. त्यात अमेरिकन चांदीचा वाटा किती मोठा असेल, हे यावरून कळतं. रुपया तगला. पुढं १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सोनं, चांदी आणि रुपया यांच्या नात्याचा तिढा ज्यांना मुळातून समजून घ्यायचा असेल, त्यांनी तो जरूर वाचावा.

हा सौदा पिटमन यांनी फुकट होऊ दिला नव्हता. जेवढे डॉलर वितळले तेवढी चांदी अमेरिकन खाणींकडून औंसाला एक डॉलर या दरानं परत विकत घ्यायची आणि तिचे पुन्हा डॉलर पाडायचे, अशी कायद्यातच तरतूद होती. खाणमालकांचं एकाच चांदीत दोनदा भलं झालं. म्हणून १९२१ मध्ये मॉर्गन डॉलर परत आला आणि त्या एका वर्षात साडेआठ कोटींहून जास्त पाडला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस युद्धसमाप्तीची आठवण म्हणून 'पीस डॉलर' निघाला. अँथनी दे फ्रान्चिशी या शिल्पकारानं तो घडवला, चेहऱ्यासाठी त्याची पत्नी तेरेसा समोर बसली होती. मूळ आराखड्यात गरुडापाशी मोडलेली तलवार होती. मोडलेली तलवार ही पराभवाची खूण, अशी ओरड वर्तमानपत्रांतून झाल्यावर ती काढून टाकण्याची नाजूक कारागिरी म्हाताऱ्या मॉर्गननंच केली. हा पीस डॉलर १९३५ पर्यंत निघत राहिला.

आता संग्राहकाच्या बाजूनं पाहू. २७ कोटी डॉलर भट्टीत गेले, पण कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती, याची नोंद कुणी ठेवली नाही. ठेवणार तरी कशाला? त्या कामगारांच्या दृष्टीनं ती नुसती चांदी होती. पिशव्या हाताशी येतील तशा फोडल्या आणि ओतल्या. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा पाच कोटींच्या आसपास डॉलर वितळले. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली, तेव्हा लोकांनी आपण होऊन किती वितळवले, त्याला गणतीच नाही.

याचा परिणाम काय झाला, ते दोन नाण्यांवरून पाहा. नेवाडातल्या कार्सन सिटी या छोट्या गावात, खाणींच्या उशाशीच एक टांकसाळ होती. तिच्या नाण्यांवर 'सीसी' अशी खूण असते. १८८५ मध्ये तिथं २,२८,००० डॉलर पाडले गेले, १८८९ मध्ये ३,५०,०००. पुस्तकातला आकडा पाहून कुणीही म्हणेल की १८८५ चा डॉलर जास्त दुर्मीळ. पण अमेरिकन सरकारनं उरलेले कार्सन सिटी डॉलर १९७२ ते १९८० या काळात टपालानं लोकांना विकले, त्या साठ्यात १८८५ चे जवळपास दीड लाख निघाले आणि १८८९ चा निघाला फक्त एक. १८८४ चे तर अकरा लाखांपैकी साडेनऊ लाखांहून जास्त नाणी तशीच कोरी, पिशवीतून बाहेरही न पडलेली होती. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं, नव्यासारखं चकाकणारं नाणं आज बऱ्यापैकी सहज मिळतं आणि त्याच्याहून जास्त संख्येनं पाडलेलं नाणं चांगल्या अवस्थेत मिळता मिळत नाही.

याहून मासलेवाईक गोष्ट १९०३ च्या न्यू ऑर्लिन्स डॉलरची. तो पाडला गेला होता ४४ लाखांहून जास्त, पण बाजारात दिसत नव्हता. सगळ्यांनी धरून चाललं, की १९१८ च्या भट्टीत गेला. कोऱ्या नाण्याची किंमत दीड हजार डॉलरवर पोचली होती. १९६२ च्या अखेरीस नाताळच्या गर्दीसाठी सरकारनं फिलाडेल्फियातलं एक जुनं सीलबंद तळघर उघडलं आणि त्यातून या डॉलरच्या पिशव्याच पिशव्या निघाल्या. भाव काही आठवड्यांत आपटला. ज्यांनी दीड हजारांना घेतला होता त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल! त्या बातमीनं लोक खजिन्याच्या दारात रांगा लावू लागले. सरकार एका डॉलरच्या नोटेला एक चांदीचा डॉलर देत होतं, त्यात एखादा दुर्मीळ असला तर लॉटरीच. शेवटी मार्च १९६४ मध्ये ते वाटप बंद करण्यात आलं. उलट १८९५ च्या फिलाडेल्फिया डॉलरचं पाहा. १२,००० पाडल्याची सरकारी नोंद आहे, पण त्यातला एकही कुणी पाहिलेला नाही. सापडतात ते केवळ संग्राहकांसाठी खास पाडलेल्या ८८० नाण्यांपैकी.

कुणाच्या हाती असा डॉलर आलाच, परदेशातल्या नातेवाइकाकडून म्हणा किंवा घरच्या पेटीतून म्हणा, तर तो कसा वाचायचा? आधी साल पाहा. मग नाणं उलटवा. उलटवतानाच एक परीक्षा होते, कारण अमेरिकन नाणं वरून खाली फिरवलं की मागचा गरुड सरळ उभा दिसायला हवा. मॉर्गन डॉलरवर गरुडाखालच्या पानांच्या हाराच्या खाली बारीक अक्षर असतं. 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्स, 'सीसी' कार्सन सिटी, आणि फक्त १९२१ मध्ये 'डी' म्हणजे डेन्व्हर. अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया. १८७८ चा असेल तर भिंग घेऊन गरुडाच्या शेपटीची पिसं मोजा. आधी आठ पिसं कोरली होती, मग अधिकाऱ्यांनी ती सात करायला लावली. काही ठशांवर आठांवरच सात ठोकली, त्यामुळं खालच्या पिसांची टोकं डोकावताना दिसतात. अशा बारकाव्यांच्या याद्या करण्यात व्हॅन अ‍ॅलन आणि मॅलिस या दोघांनी वर्षानुवर्षं घालवली. त्यांच्या क्रमांकांनीच आज संग्राहक एकमेकांशी बोलतात.

त्यानंतर अवस्था. नाण्याला १ ते ७० गुण देण्याची पद्धत आहे, ६० पासून पुढं ती चलनात न वापरलेली नाणी. गालावर बारीक ओरखडे दिसले तर दचकू नका. हजार नाणी एका पिशवीत, आणि पिशव्या या तळघरातून त्या तळघरात आदळत गेलेल्या. ते ओरखडे त्या पिशवीतलेच.

इथं एक कळकळीची सूचना. नाणं घासू नका. आपल्याकडं चांदी काळी पडली की चिंच, राख, रांगोळी जे हाताशी येईल त्यानं ती लखलखीत करण्याची सवय हाडीमाशी भिनलेली आहे. समई, निरांजन यांना ते ठीक. नाण्याचं तसं नाही. ठशाच्या दाबानं धातू बाहेरच्या दिशेनं वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांवरून प्रकाश फिरतो आणि ती खास झळाळी दिसते. एकदा घासलं की त्या रेषा गेल्या, आणि त्या परत आणायची युक्ती अजून निघालेली नाही. जाणकार असं घासलेलं नाणं दुरून ओळखतो आणि निम्मी किंमतही देत नाही. काळपट, निळसर, जांभळट थर चढलेला असेल तर तो तसाच राहू द्या. काही संग्राहक त्याच रंगांसाठी जास्त पैसे मोजतात.

आणि नकली माल. जुन्या बाजारात पथारीवर चारशे-पाचशे रुपयांना 'ट्रेड डॉलर' दिसला, तर तो जवळपास नक्कीच खोटा समजावा. साधा वजनकाटा, मोजपट्टी आणि लोहचुंबक एवढ्यावर बरेचसे उघडे पडतात. वजन दोन-तीन ग्रॅमनी कमी भरलं की पुढं बोलायलाच नको. अवघड असतात ते खऱ्या नाण्यावर खोटं अक्षर चिकटवलेले डॉलर. १८९३ चा सॅन फ्रान्सिस्को डॉलर फक्त एक लाख पाडला गेला. २०२१ मध्ये त्याचा एक अप्रतिम नमुना २० लाख डॉलरपेक्षा जास्त किमतीला गेला. त्यामुळं साध्या १८९३ च्या डॉलरवर 'एस' चिकटवण्याचा उद्योग फार चालतो. पण खऱ्या नाण्यावर, कपाळावरच्या पट्टीवर कोरलेल्या 'लिबर्टी' या शब्दातल्या 'टी'च्या माथ्यावर एक बारीकशी तिरपी रेघ असते. मूळ ठशातलाच तो दोष. चिकटवणाऱ्याला अक्षर चिकटवता येतं, तो दोष सहसा जमत नाही.

२०२१ पासून अमेरिकेची टांकसाळ मॉर्गन आणि पीस हे दोन्ही डॉलर संग्राहकांसाठी पुन्हा काढू लागली आहे. ते जवळजवळ शुद्ध चांदीचे असतात. देखणे आहेत, पण त्यांच्या प्रत्येक नाण्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहिलेला आहे. मला विचाराल, तर १९१८ चा रुपया अधिक बोलका. त्याच्या मागच्या बाजूला, वेलबुट्टीत खाली जे कमळ आहे त्याच्या खाली भिंगातून पाहा. बारीक टिंब दिसलं तर तो मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला. टिंब नसेल तर कलकत्त्याचा.